मदत हवी आहे: अल्ट्रा धावणं आणि साहसी निवेदन, दोन्ही एकत्र कसं जमवायचं?

मला लांब पल्ल्याचं धावणं आणि साहसी कार्यक्रमांचं निवेदन, या दोन्हींतच काम करायचंय. पण सुरुवात कुठून करावी, तेच कळत नाहीये.

नुसतं धावणंच किती मागतं बघा. स्पार्टाथलॉन म्हणजे अथेन्स ते स्पार्टा 246 किमी, तेही 36 तासांत. सहारातल्या मॅरेथॉन दे साब्लमध्ये तर काही दिवसांत साधारण 250 किमी, आणि जेवण, स्लीपिंग बॅग सगळं स्वतःच्या पाठीवर. त्यात कॅमेरा, माइक आणि जादा बॅटऱ्या कुठे मावणार? शिवाय धाप लागलेली असताना, झोप झालेली नसताना लोकांना समजेल असं बोलायचं! माझ्या मते खरं कसब तिथेच आहे. पाय तयार करता येतात, तो आवाज कसा तयार करायचा?

या क्षेत्रात कोणी असेल तर प्लीज सांगा: आधी धावपटू म्हणून नाव करावं, की रेडिओ-टीव्हीवर निवेदनाचा अनुभव घ्यावा? पळताना स्वतःच शूट करता की सोबत कोणी असतं? आणि चॅनेलला दाखवायला पहिली डेमो क्लिप किती लांबीची ठेवावी?