मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर आणि वेळेचा हिशेब लागत नाहीये, मदत हवी

अनघा_ठाणे
जरा तातडीने हवंय. आई पहिल्यांदाच एकटी भावाकडे चाललीये. नेटवर अंतर साधारण 13,500 किमी दिसतं. ताशी 900 धरले तर 15 तास व्हायला हवेत. तिकिटावर मात्र पहाटे 4:30 ला निघून त्याच तारखेला दुपारी 12:40 ला पोचते! ती नक्की किती तास प्रवासात असेल, तेवढं सांगा.

तळ्यात_मळ्यात
थेट की व्हाया? महिना कोणता? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सह्यभ्रमर
आखातातून नेऊच नका. दिल्लीहून थेट विमान घ्या. माझ्या सासूबाई तशाच गेल्या, काही त्रास झाला नाही.

प्राजक्त
अहो, मुंबईहून दिल्लीला जाऊन विमान बदलायचंच ना? मग थेट कुठलं? त्यापेक्षा आत्ताच व्हीलचेअर नोंदवून ठेवा. माणूस गेटपर्यंत सोडतो, इमिग्रेशनलाही सोबत असतो.

वाड्यातला
पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला जाताना शहरच आपल्याकडे येतं. म्हणून वेळ वाचतो.

तळ्यात_मळ्यात
काहीतरीच काय! हवाही पृथ्वीबरोबर फिरते. तसं असतं तर लंडनला जाताना कमी वेळ लागला असता. उलट येतानाच कमी लागतो, कारण वरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात. आणि मुंबई–सॅन फ्रान्सिस्को तर रेखांशाच्या हिशेबाने जवळजवळ समोरासमोर आहेत. सगळ्यात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून कळायचं नाही, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा.

अनघा_ठाणे
व्हाया दुबई, 12 नोव्हेंबर. तिकीट काढून झालंय, कृपया बदला म्हणू नका. तास एवढ्यासाठी हवेत की आई रोज रात्री 10 ला इन्सुलिन घेते.

सह्यभ्रमर
हे आधी सांगायचं ना, ताई.

कोकणकडा
घड्याळात 8 तास 10 मिनिटं दिसतात, त्यात तिकडची वेळ आपल्या मागे असते ते साडेबारा तास मिळवा. 20 तास 40 मिनिटं.

तळ्यात_मळ्यात
साडेबारा उन्हाळ्यात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग फरक साडेतेराचा. म्हणजे 21 तास 40 मिनिटं, दुबईचा थांबा धरून. अंतरही दुबईमार्गे 15,000 किमीच्या आसपास जातं, 13,500 नाही. आपले रात्रीचे 10 म्हणजे तिथले सकाळचे साडेआठ. तेव्हा उतरायला चार तास दहा मिनिटं बाकी असतील. आईंचं घड्याळ विमानात भारतीय वेळेवरच राहू द्या. पोचल्यावर वेळ कशी सरकवायची हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, इथे नको. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. खाली सामानात गोठू शकतं.

प्राजक्त
+1. आणि हवाईसुंदरीला चढतानाच सांगून ठेवायचं, जेवण वेळेवर मिळतं.

अनघा_ठाणे
हेच हवं होतं, मनापासून आभार. उद्याच डॉक्टरांना फोन करते.

वाड्यातला
थालीपिठाची भाजणी चालते का तिकडे?

कोकणकडा
विचारलं की सगळं खाणं सांगायचं, लपवायचं नाही. ताजा कढीपत्ता मात्र काढून घेतात.