मदत हवी आहे: लॅपटॉप शटडाउन होतो, पण बंद होत नाही

लॅपटॉप पाच वर्षांचा आहे, विंडोज 10. आजवर कधी कुरकुर केली नव्हती. गेले दोन आठवडे एक विचित्र प्रकार चाललाय. रात्री काम आटोपून शटडाउन करते, 'शटिंग डाउन'चे ठिपके गोल फिरतात, स्क्रीन काळी होते, मी झाकण लावून झोपायला जाते. सकाळी बघावं तर बटणाजवळचा पांढरा दिवा चालूच. बुडाला हात लावला तर गरम, कान जवळ नेला तर पंख्याची बारीक घरघर. रात्री 90 टक्के असलेली बॅटरी सकाळी 20च्या खाली.

झाकण उघडून कुठलीही की दाबली तरी काही उमटत नाही. शेवटी पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरावं लागतं, तेव्हा कुठे पंखा थांबतो. परत सुरू केला की एकदम व्यवस्थित, जणू काही झालंच नाही.

आतापर्यंत केलेले उद्योग: व्हायरस स्कॅन केला (काही सापडलं नाही), नको असलेले प्रोग्रॅम काढले, माउस आणि पेन ड्राइव्ह काढून पाहिले. सुरुवातीला दोन-तीनदा रीस्टार्ट करून पाहिलं, ते मात्र दरवेळी बिनबोभाट झालं. अडतं ते फक्त शटडाउनला.

कारण काय असेल? आणि रोज असं बटण दाबून मारल्यामुळे आतला डेटा खराब होईल का? 'फॉरमॅट मारा' हा सल्ला घरातून मिळून झालाय, तेवढा सोडून बोला.

रातकिडा:
रीस्टार्ट होतो आणि शटडाउन होत नाही, यातच अर्धं उत्तर आहे. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि ती बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून चालू असते. ती चालू असली की शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग आउट होता, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) जसेच्या तसे डिस्कवरच्या एका फाइलीत लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. म्हणून तर मशीन झटकन सुरू होतं. रीस्टार्टमध्ये हा शॉर्टकट नसतो, सगळं मोडून नव्याने उभं राहतं.

आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि खाली 'अप टाइम', म्हणजे विंडोज सलग किती वेळ जागं आहे ते, बघा. मग एकदा शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा. तेवढ्यापुरता खरा, पूर्ण शटडाउन होतो. दोन्हीचा निकाल इथे सांगा.

फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करायचं असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथली फास्ट स्टार्टअपची खूण आधी करड्या रंगात दिसेल. वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक केलं की हात लावता येतो.

तिरपागडा:
मी तर लॅपटॉप कधी बंदच करत नाही. झाकण लावतो, सकाळी उघडतो. प्रश्नच मिटला.

धागाकर्ती:
@तिरपागडा, माझा लॅपटॉपही तुमच्याच मताचा झालाय, अडचण तीच आहे.

@रातकिडा, अप टाइम पाहून डोळे पांढरे झाले. 9:02:41:17! म्हणजे नऊ दिवस. मी रोज रात्री शटडाउन करतेय, शिवाय बटण दाबून मारतेय, तरी याच्या हिशेबी हा नऊ दिवस जागा आहे. मग शिफ्ट धरून शटडाउन केला. निराशा. स्क्रीन काळी, दिवा चालू, पंखा चालू. फास्ट स्टार्टअपची खूण काढून पुन्हा केला, तरी तेच. आता अप टाइम शून्यापासून मोजतोय एवढाच फरक.

कुणीतरी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 41 नंबरची नोंद शोधा असंही सांगितलं. विंडोज लॉग्ज, सिस्टिम इथे गेले, पण गेल्या दोन आठवड्यांत 41 नाही आणि 6008ही नाही. बरोबर जागी बघतेय ना?

खिळा:
बरोबर जागी बघताय, आणि ते न सापडणं हीच कामाची माहिती आहे. 41ला लोक उगाच कारण समजतात. विंडोज सुरू होताना मागे वळून बघतं, मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो असं दिसलं तर 41 लिहितं. ते दुखणं नव्हे, दुखण्याचा पंचनामा. 6008चंही तसंच, 'मागचा शटडाउन अनपेक्षित होता' अशी नोंद. नीट बंद झालं की 6006 पडतो. फास्ट स्टार्टअप चालू असताना तो दिसणार नाही, पण शिफ्टवाल्या प्रयत्नाच्या वेळी दिसायला हवा.

आता अप टाइम जोडून बघा. तुम्ही बटण दाबून मारूनही सकाळी मशीन जुन्याच गाभ्यातून उठत होतं. म्हणजे रात्री ती फाइल पुरती लिहून झाली होती. विंडोजने आपलं सगळं आवरलं, दिवे मालवले, दाराला कडी घातली. फक्त मेन स्विच पडत नाहीये. वीज तोडायची शेवटची सूचना मदरबोर्डपर्यंत पोचायच्या आधी कुणीतरी ती अडवून बसलंय. अशा ठिकाणी संशय ड्रायव्हरवर किंवा बायोसवर (मदरबोर्डमधलंच मूळ सॉफ्टवेअर).

त्यामुळे डेटाची फार काळजी नको. ठिपके फिरत असताना मात्र बटण दाबू नका, स्क्रीन काळी झाल्यावर मिनिटभर थांबून मग दाबा.

आता सेफ मोडमध्ये जाऊन शटडाउन करा. तिथे मोजकेच ड्रायव्हर लोड होतात. नीट बंद झाला तर बायोस सुटला आणि एखादा ड्रायव्हर सापडला. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सिस्टिम डिव्हायसेस' उघडा, त्यात 'मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस' (मदरबोर्डवरच्या एका नियंत्रकाशी विंडोजला जोडणारा दुवा) असं काही असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'इव्हेंट्स' टॅब बघा. ड्रायव्हर कधी बसला त्याची तारीख तिथे असते. ड्रायव्हर टॅबवर असते ती तारीख बनवणाऱ्याची, तिला भुलू नका. हे नाव मी हवेतून काढलेलं नाही. स्क्रीन जाते पण वीज जात नाही, या लक्षणाला त्याचा मुकाट हात असतो असं मी दोन मशीनवर पाहिलंय.

रातकिडा:
खिळा यांचा मुद्दा पटला. मी फास्ट स्टार्टअपपाशीच अडकलो असतो. (अवांतर: लॅपटॉपवर लिनक्सही असेल तर ती खूण काढलेलीच बरी. नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं.)

धागाकर्ती:
सापडला!!

सेफ मोडमध्ये शटडाउन दाबला आणि मोजत बसले. आठव्या सेकंदाला दिवा गेला, पंखा गेला. इतकी शांतता की मी दोनदा बटण चाचपून पाहिलं. मग नेहमीच्या मोडमध्ये येऊन सिस्टिम डिव्हायसेसची ती लांबलचक यादी उघडली. मॅनेजमेंट इंजिनच्या इव्हेंट्स टॅबमध्ये ड्रायव्हर बसल्याची नोंद बरोबर सोळा दिवसांपूर्वीची. विंडोज अपडेटच्या हिस्टरीतही त्याच दिवशी तो ड्रायव्हर आलेला दिसला. मी काही केलंच नव्हतं, असं छातीठोकपणे सांगत होते. अपडेट आपोआप झालेलं.

'रोल बॅक ड्रायव्हर' (जुना ड्रायव्हर परत आणा) बटण चालू होतं. दाबलं, कारण विचारलं त्यात काहीतरी निवडलं, रीस्टार्ट. त्यानंतर सलग चार वेळा शटडाउन केला, चारही वेळा दिवा गेला. एकदा चार्जर लावून, एकदा काढून, एकदा माउससकट.

एकच शंका. पुढच्या अपडेटला हा पाहुणा परत आला तर?

खिळा:
येऊ शकतो. आला तर परत रोल बॅक, किंवा विंडोजचं अपडेट लपवायचं 'शो ऑर हाइड अपडेट्स' नावाचं छोटं साधन आहे, त्यात तेवढं एक लपवा. रोल बॅकचं बटण करडं दिसलं तर जुनी प्रत मशीनवर उरली नाही असं समजा. मग लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलच्या पानावरून ड्रायव्हर उतरवा. 'सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं या कामाला अजिबात वापरू नका. फास्ट स्टार्टअप आता परत चालू केलात तरी हरकत नाही.

धागाकर्ती:
नको, बंदच ठेवते. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात चहा गाळून होतो. आज सकाळी अप टाइम 0:00:03:12 होता.