अनिता ब्लेकची साथ कितव्या पुस्तकापर्यंत दिलीत?

भुताची मावशी

लॉरेल के. हॅमिल्टनच्या अनिता ब्लेक मालिकेचे दोन वाचक भेटले की वाद ठरलेल्या जागी येऊन अडतो: पहिली नऊ पुस्तकं आणि त्यापुढची. १९९३ मध्ये 'गिल्टी प्लेझर्स' आलं, २००० मध्ये नववं 'ऑब्सिडियन बटरफ्लाय' आणि २००१ मध्ये दहावं 'नार्सिसस इन चेन्स'. नवव्यावर जीव टाकणारे आणि दहाव्याला नाक मुरडणारे मला पुष्कळ भेटले. उलटं म्हणणारेही आहेत, फक्त ते दबक्या आवाजात बोलतात. त्यांनी इथे मोकळेपणी बोलावं, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जागा अमेरिकेतलं सेंट लुइस. व्हॅम्पायर तिथे कायद्याने मान्य झालेले आहेत. ते नाइटक्लब चालवतात, त्यांचं स्वतःचं चर्चसुद्धा आहे. अनिता एका कंपनीत नोकरी करते आणि तिचं काम मुडदे उठवण्याचं. मृत्युपत्रावरून भाऊबंदकी पेटली की ज्याने ते केलं त्यालाच उठवून विचारायचं! जोडीला खुनी व्हॅम्पायरांना सरकारी हुकमाने मारण्याचा परवाना, आणि पोलिसांच्या खास पथकाला सल्ला.

कुठे भेटली, काय आवडलं, कुठे बिनसलं, सगळं लिहा. रहस्यं फुटतील, तेव्हा कोऱ्या पाटीने वाचायचं असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

काळा कोट

मला व्हॅम्पायरांत काडीचा रस नव्हता. मित्राने 'यात कायदा आहे, वाच' म्हणून गळ्यात मारलं. आणि खरंच कायदा आहे. व्हॅम्पायर माणूस मानला, तर त्याला मारणं हा खून. पण त्याने खून केला, तर त्याला कोंडून ठेवणार कुठे? नजरेला नजर भिडवून तो पहारेकऱ्यालाच वश करणार. म्हणून तुरुंग नाही, थेट मृत्यूचं वॉरंट. ही एक फट लेखिकेने उघडी ठेवली आणि तीस वर्षं त्यातून गोष्टी काढल्या.

सुरुवातीची अनिता या वॉरंटाबद्दल फारसा विचार करत नाही. राक्षस ते राक्षस. पुढे ओळखीपाळखी वाढतात, घरात ऊठबस होते, आणि हुकूम हातात असताना तिचा हात जड होत जातो. मला मालिकेचा कणा हाच वाटतो, बाकी प्रेमाचे त्रिकोण-चौकोन वाचकांना बांधून ठेवायला. २०२० चं 'सकर पंच' बघा. मिशिगनमधला एक तरुण, बिबट्याचं रूप घेणारा, काकाच्या खुनाच्या संशयात अडकलेला. वॉरंट निघालंय, मुदत संपत चाललीय आणि तिला वाटतंय की पोरगं निर्दोष आहे. खटला नसलेल्या देशात निर्दोषत्व सिद्ध करायचं कुणापुढे? पुस्तक लांबलंय, मधली शंभर पानं मी भराभर उलटली. पण प्रश्न अस्सल आहे. 'पहिल्या नऊनंतर काही नाही' म्हणणाऱ्यांनी निदान हे वाचून मग बोलावं.

मूकवाचक

दहावं. अर्ध्यात. परत हात लावला नाही.

पेंग्विनवाली

नावावरून कळलंच असेल! कमरेला ब्राउनिंग पिस्तूल, मनगटांवर चांदीच्या सुऱ्या, आणि घरी कापसाचे पेंग्विन. कुणी हसलं की ही बाई गुरकावते. त्या पेंग्विनांमुळे मी तिच्या प्रेमात पडले.

मला मात्र व्हॅम्पायरांपेक्षा तिची स्मशानातली नोकरी जास्त आवडते. 'द लाफिंग कॉर्प्स' (१९९४) मध्ये ती मुडदा उठवते तो प्रसंग मी कितीदा तरी काढून वाचते. आधी मलम. त्यात आठवणीसाठी रोजमेरी, टिकावं म्हणून दालचिनी-लवंग, शिवाय स्मशानातली बुरशी. ते चेहऱ्याला, हातांना, छातीवर लावायचं. मग कोंबडी किंवा बकरी, तिच्या रक्ताचं रिंगण, आणि काम झालं की मीठ टाकून त्याला परत झोपवायचं. हे सगळं ती इतक्या सराईतपणे सांगते की बाजूला उभी असलेली अशिलं भेदरलेली आहेत हे आपण विसरतो. मुडदा जितका जुना तितका बळी मोठा, हा नियम आधी पक्का करून दिलेला. मग एक धनाढ्य माणूस जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचा मुडदा उठवायला दहा लाख डॉलर पुढे करतो. एवढ्या जुन्यासाठी बळी कसला लागेल, हे आपल्याला तिच्याबरोबरच उमगतं आणि पोटात गोळा येतो. कोणी समजावून सांगत बसत नाही.

नंतरच्या पुस्तकांत ही नोकरी पार मागे पडली याचं मला फार वाईट वाटतं. कोण कुणाबरोबर झोपतंय यापेक्षा कंपनीचा तो पैसेखाऊ मालक बर्ट आज कोणतं गिऱ्हाईक घेऊन येतोय, यात मला जास्त रस होता.

रात्रपाळी

दबक्या आवाजात बोलणाऱ्यांपैकी मी. आज जरा मोठ्याने बोलतो.

पहिल्या पुस्तकातली अनिता चोवीस वर्षांची, धार्मिक, हट्टी, लग्नाआधी काही नको म्हणणारी. कॉलेजात मोडलेल्या साखरपुड्याची जखम अजून ताजी. मुलाच्या घरच्यांना तिची आई मेक्सिकन होती हे खुपलं होतं. आता अशी मुलगी वर्षानुवर्षं मृत्यूच्या दारात उभी राहिली, तर ती आहे तशीच राहावी अशी अपेक्षा तरी का करायची? पुरुष नायक प्रत्येक पुस्तकात नवी बाई गाठतो तेव्हा त्याला आपण बेरकी म्हणतो आणि पुढचं पुस्तक मागवतो. हिने एकाहून अधिक जोडीदार उघडपणे, एकमेकांना ठाऊक ठेवून, त्यांची भांडणं निस्तरत सांभाळले, तर लगेच 'मालिका घसरली'.

तिच्या जोडीदारांपैकी नथॅनिएलचंच घ्या. पहिल्यांदा येतो तेव्हा पिचलेला, कुणीही वापरून घ्यावं असा पोरगा. पुस्तकांमागून पुस्तकं तो हळूहळू 'नाही' म्हणायला शिकतो. मग घर सांभाळतो, आणि पुढे तर अनितालाच चार गोष्टी ऐकवतो. अशी वाढ एका पुस्तकात दाखवताच येत नाही. त्यासाठी लांबलचक मालिका लागते, आणि तिच्यातली कंटाळवाणी पानंही सोसावी लागतात.

कंटाळवाणी आहेत, नाही कुठे म्हणतोय? पण शृंगार कंटाळवाणा नाही, बैठका आहेत. एका खोलीत आठ जण, प्रत्येकाचे केस-डोळे-कपडे एकेक परिच्छेद, मग कोणाला काय वाटलं यावर चाळीस पानं. बाहेर खुनी मोकाट आणि इथे सगळ्यांची मनं सांभाळणं चाललंय!

चिकित्सक चिंगी

रात्रपाळी, तुमचं बरंचसं पटलं, पण एक गोष्ट तुम्ही टाळलीत. माझी तक्रार जोडीदारांच्या संख्येबद्दल नाहीच. 'नार्सिसस इन चेन्स'मध्ये तिच्यात ती 'आर्दर' नावाची भूक येते. वासनेवर पोसली जाणारी, ठरावीक वेळाने भागवावीच लागणारी, नाहीतर जिवावर बेतणारी. म्हणजे काय झालं? जी बाई नऊ पुस्तकं स्वतःचे निर्णय स्वतः घेत होती, बरे-वाईट, पण स्वतःचे, तिला लेखिकेने हे करायला भाग पाडलं. त्याच पुस्तकात आलेल्या मायकाबरोबरचा पहिला प्रसंग पुन्हा वाचून बघा. तिथे तिची संमती नेमकी कुठे आहे? आणि दोन दिवसांत तो घरचा माणूस होतो, त्याला जाब विचारणारं कुणी नाही.

स्वातंत्र्यच दाखवायचं होतं तर जादूची सक्ती कशाला हवी होती? तिला हवं होतं म्हणून तिने केलं, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर मी पुढची सगळी पुस्तकं आनंदाने वाचली असती. 'द किलिंग डान्स'मध्ये (१९९७) ती ज्यां-क्लोद या व्हॅम्पायरकडे जाते तो निर्णय घाबरून, चिडून घेतलेला आहे, पण तिचा आहे. म्हणून तो प्रसंग अजून लक्षात राहतो.

रात्रपाळी

चिंगी, मायकाच्या प्रसंगाबद्दल वाद नाही. तो मीही बचावून नेऊ शकत नाही. पुढच्या पुस्तकांत ती भूक आवरायला शिकते, कधी कुणावर भागवायची ते ठरवते, एवढंच म्हणेन. सुरुवात वाईट झाली हे कबूल.

पौर्णिमा टाळा

रिचर्डबद्दल कुणीच काही लिहीत नाही? गरीब बिचारा! शाळेत विज्ञान शिकवणारा, डोंगर चढणारा, देखणा, आणि दर पौर्णिमेला लांडगा. 'सर्कस ऑफ द डॅम्ड'मध्ये आला तेव्हा वाटलं, झालं, हिचं लग्न ठरलं. मग लेखिकेचाच त्याच्यावरचा लोभ उडाला. ज्याला आपल्यातलं जनावर नकोय, असा लांडगा किती बोलका विषय होता! त्याला नुसता कटकट्या करून टाकला. दर दोन पुस्तकांनी येतो, सगळ्यांना नैतिकतेवर भाषण देतो, रडतो, निघून जातो. मी त्याच्यासाठी 'ब्लू मून'पर्यंत तग धरला आणि मग दोघांनाही रामराम ठोकला.

पेंग्विनवाली

पौर्णिमा, पण तो कटकट्या पहिल्यापासूनच होता गं! 'ल्युनॅटिक कॅफे' परत वाच. कळपाचा म्होरक्या व्हायचंय, पण मारायचं नाही. त्याच्या या तत्त्वांपायी मरायची वेळ येते ती बाकीच्यांवर.

एडवर्डचा देणेकरी

सगळं वाचलं. सगळे चुकीच्या माणसाबद्दल बोलताय.

एडवर्ड. निळ्या डोळ्यांचा भाडोत्री मारेकरी, ज्याला व्हॅम्पायर 'मृत्यू' म्हणतात. माणसं मारणं फारच सोपं झालं, म्हणून राक्षसांकडे वळलेला. 'गिल्टी प्लेझर्स'मध्ये तो अनिताला थंडपणे सांगतो की शहराच्या मुख्य व्हॅम्पायरचा दिवसाचा ठिकाणा दे, नाहीतर तुझ्याकडून काढून घेईन. आणि ही त्याची मैत्रीण! दोघांनाही मनातून एकच उत्सुकता: एक दिवस एकमेकांसमोर आलो तर कोण उरेल?

'ऑब्सिडियन बटरफ्लाय' मी सगळ्यात आधी वाचलं, मागचं-पुढचं काही माहीत नसताना. एडवर्ड जुनं देणं वसूल करायला तिला न्यू मेक्सिकोला बोलावतो. तिकडे कातडी सोललेली माणसं इस्पितळात आहेत, आणि जिवंत आहेत. तो वॉर्ड वाचताना मी पुस्तक मिटून पाणी प्यायला उठलो होतो. पण खरा हादरा पुढे आहे. हा मारेकरी तिथे टेड फॉरेस्टर नावाने राहतोय, डोनाशी लग्न ठरलंय, तिला दोन मुलं आहेत, आणि तो त्या मुलांशी चक्क बापासारखा वागतोय. अनिता हबकते. हे सोंग आहे की खरं? आणि खरं असेल तर जास्त भीतीचं काय? या पुस्तकात ज्यां-क्लोद नाही, रिचर्ड नाही, कुणाचे रेशमी केस नाहीत. म्हणूनच हे मालिकेतलं सर्वोत्तम.

पुढे 'स्किन ट्रेड' (२००९) लास व्हेगासचं, तेही एडवर्डसाठी घ्या. तिला डब्यातून माणसाचं मुंडकं येतं, तिथून सुरुवात आहे. माझी पद्धत सोपी: मागच्या मजकुरात एडवर्डचं नाव असेल तर वाचायचं, नसेल तर खाली ठेवायचं. फसवणूक झालेली नाही.

काळा कोट

देणेकरी, ओलाफला विसरलात. बायकांचे खून पाडणारा माणूस पोलिसांच्या बाजूने काम करतो, तेही एडवर्डच्या ओळखीने. वॉरंट व्हॅम्पायरवर निघतं, याच्यावर निघत नाही.

नवखा वाचक

मी काहीच वाचलेलं नाही. धागा वाचून उत्सुकता वाटतेय आणि धास्तीही. तीसच्या आसपास पुस्तकं दिसतायत. कुठून सुरू करू? क्रमानेच वाचायला लागतं का? मार्व्हलचं कॉमिकही दिसलं, ते चालेल का?

भुताची मावशी

कॉमिक २००६ मध्ये सुरू झालं, आधी पहिल्या पुस्तकावरच. चित्रं आवडली तर बघा, पण अनिताची खरी गंमत तिच्या मनातल्या टोमण्यांत आहे आणि तो आवाज पुस्तकातच ऐकू येतो. 'गिल्टी प्लेझर्स' थोडं कच्चं आहे, तरी तिथूनच घ्या. 'द लाफिंग कॉर्प्स' आवडलं तर नववं संपेपर्यंत क्रम मोडू नका. दहाव्याच्या आधी चिंगीचा प्रतिसाद पुन्हा वाचा आणि मग ठरवा. नंतरच्यांतली सुटी वाचायची तर देणेकरींची पद्धत वाईट नाही.

नाराज वाचकांबद्दल एक जुनी आठवण. २००६ मध्ये लेखिकेने त्यांना उद्देशून एक जाहीर टिपण लिहिलं होतं, आवडत नसेल तर दुसरं वाचा अशा सुराचं. तेव्हा वाचकांत बरीच खडाजंगी झाली. मला ते चिडून लिहिलेलं वाटलं, पण त्यात तथ्यही होतं. तिने मालिका वाचकांना विचारून बदलली नाही आणि विचारून परतही आणली नाही.

मूकवाचक

मावशी, तुम्ही का थांबून राहिलात ते लिहिलंच नाहीत.

भुताची मावशी

तिच्या श्रद्धेसाठी. या जगात पोपने मुडदे उठवणाऱ्यांना चर्चबाहेर काढलंय. पण अनिताला ती शक्ती जन्मतःच आहे, सोडता येत नाही, म्हणून तिने पंथ बदलला, देव सोडला नाही. व्हॅम्पायरसमोर तिचा क्रूस उजळतो, तो तिचा विश्वास आहे म्हणून. इतकं रक्त, इतके प्रियकर, इतकी वॉरंटं झाल्यावरही तो उजळेल का, हा प्रश्न तिला सतत कुरतडतो, आणि मलाही.

शिवाय आई गेल्यावर दुसरं लग्न केलेला तिचा कॅथलिक बाप. पहिल्या पुस्तकापासून त्याचा उल्लेख येतो, माणूस कधी दिसत नाही. २०२३ च्या 'स्लेय'मध्ये तो अखेर सहकुटुंब सेंट लुइसला येतो, व्हॅम्पायर जावई बघायला. कसं जमलंय ते सांगत नाही. चिंगी, तू वाच आणि मग इथे येऊन भांड.