मुलीला हॉस्टेलवर सोडताना बापाने गप्प राहावं का?

कुळागरातला

मंडळी, घरगुती विषय आहे. मतं हवी आहेत, सांत्वन नको.

जुलैच्या सुरुवातीला लेकीला गोव्याहून पुण्याला सोडून आलो. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व, एम.ए.चं पहिलं वर्ष. शाळेत असताना सहलीला सांग्यातल्या उसगाळीमळला गेली होती. कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेले बैल आणि तो चक्रव्यूहासारखा गोल बघून आली, तेव्हापासून हे खूळ. आमच्या घरात आजवर सुपारी-नारळापलीकडे कोणी फारसं गेलेलं नाही, माझ्यासकट. (नोकरी बँकेत, पण संध्याकाळी कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतच.)

साखळी, केरी करत चोर्ला घाटाने गेलो. धुकं असं की पुढच्या ट्रकचे तांबडे दिवे तेवढे दिसत होते. साडेचारशे किलोमीटरच्या वाटेत तिच्याशी काय बोललो ते नंतर आठवून बघितलं. टोल. डिझेल इकडे स्वस्त की बेळगावात. आधारच्या झेरॉक्स किती काढल्यास. निपाणीला चहा बरा मिळतो. बस्स.

खोलीत गादी टाकली, बादली आणून दिली. खिडकीची कडी लागत नव्हती, ती सुतळीने बांधली. मग ती गाडीपर्यंत खाली आली. माझा घसा पार बंद झाला होता. तोंड उघडलं असतं तर शब्दांऐवजी भलतंच बाहेर आलं असतं, म्हणून मागच्या चाकाकडे बघत म्हटलं, "टायरीक हवा उणी दिसता, भरून घेतां." आणि निघालो. आरसा नीट करायचं निमित्त करून तिच्याकडे बघितलंही नाही. साताऱ्यापर्यंत रेडिओ लावला नाही.

परवा ती आईला फोनवर म्हणाली, "बाबांना मी गेल्याचं काहीच वाटलं नाही ना?"

मूल बाहेर निघालं की मोठ्यांनी डोळ्यांत पाणी आणायचं नाही, त्याचा पाय अडखळतो, असं आम्हाला शिकवलेलं. आता मला वाटतं ही शिकवण चुकीची आहे. वाटतं ते तोंडाने सांगावं, मुलांना कळू द्यावं. बोला.

डिचोलीची आई

सपशेल असहमत.

दोन वर्षांपूर्वी मुलाला मुंबईत इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. थिवीं स्टेशनवर कोकणकन्या थांबते ती किती, दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात मी त्याचा हात धरून अशी रडले की एका अनोळखी बाईने मला बाजूला ओढलं. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता, तोंड एवढंसं झालेलं. अकराव्या दिवशी पोरगा बॅगेसकट घरी. म्हणाला, पुस्तक उघडलं की तुझा स्टेशनवरचा चेहरा दिसायचा.

आता म्हापशाला शिकतो, बरं चाललंय. पण ती जागा गेली ती गेली, फीसुद्धा. तुमची लेक तिथे टिकली आहे ना? मग गप्प राहिलात तेच बरं केलंत.

कुळागरातला

ताई, अकरा दिवसांचं सगळं खापर आपल्या डोळ्यांतल्या पाण्यावर फोडू नका. मेस, गर्दी, खोलीतला सोबती, काहीही असेल.

डिचोलीची आई

होतंच. मेसची आमटी होती, लोकलही होती. पण कारण सांगताना तो नाव माझंच घेतो.

स्पष्टवक्ता

दुखणं ओढवून घ्यायचं आणि मग औषधावर चर्चा करायची. ताळगावच्या पठारावर 1985 पासून विद्यापीठ आहे, त्यात इतिहास विभागही आहे. फर्मागुढीला इंजिनीअरिंग, बांबोळीला मेडिकल, कुंकळ्ळीला एनआयटी. झुआरीनगरच्या बिट्समध्ये देशभरातली पोरं येऊन शिकतात आणि आमची पोरं बॅगा भरून घाट चढतात. अख्खा गोवा उत्तर-दक्षिण 105 किलोमीटर. इथेच शिकवा, रात्री पोर जेवायला घरी. ना रडायला नको, ना टायर बघायला नको.

निवृत्त मास्तर, कुडचडे

स्पष्टवक्ते, जेवायला घरी येणारं मूल घरात असतंच असं नाही. तेवीस वर्षं बारावीचा वर्ग सांभाळलाय, म्हणून सांगतो.

1985 च्या आधीचंही थोडं ऐका. पोर्तुगीज अमदानीत पणजीत लिसेंव (पोर्तुगीज माध्यमिक शाळा) होतं, 1842 पासूनची वैद्यकशाळा होती, पण विद्यापीठ नव्हतं. मुक्तीनंतर 1962 साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज निघालं, तीही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. मी 1971 मध्ये एम.ए.साठी मुंबई गाठली. पणजीच्या धक्क्यावरून मुंबईची बोट सुटायची, पण पावसाळ्यात बोट बंद आणि कॉलेज उघडायचं नेमकं जूनमध्ये. म्हणून मीटरगेजची गाडी, दूधसागराला वळसा घालून वर चढणारी, आणि लोंढ्याला बदल.

वडील स्टेशनवर आले नाहीत. गड्याच्या डोक्यावर ट्रंक दिली आणि आपण शेताकडे गेले. जूनची नांगरट होती हे खरं, पण शेत काही पळून जात नव्हतं. चाळिशी उलटेपर्यंत मी त्यांना ते बोलून दाखवत होतो. त्या पिढीचं न बोलणं मुलांना आपोआप समजायचं असं हल्ली सगळे म्हणतात. मला नाही समजलं. धागाकर्त्यांशी सहमत.

तारवट्याचं घर

आमच्याकडे घरधनी बोटीवर असतात, सहा-सात महिने बाहेर. त्यामुळे निरोपाचा सराव आहे म्हणा ना. विमानतळावर कोणी जायचं नाही, निरोप घरच्या उंबऱ्यावर. माणूस गेल्यावर संध्याकाळपर्यंत केर काढायचा नाही. आणि निघायच्या सकाळी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं.

या गाऱ्हाण्यातच खरी गंमत आहे. गेल्या वर्षी मुलगा मणिपालला निघाला. सासरे तसे अबोल, नातवाशी दिवसाला चार वाक्यं. त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, मोठ्याने सांगितलं की पोर पहिल्यांदा वेस ओलांडतंय, परक्या मुलखात त्याला सांभाळ. मग जरा थांबले आणि म्हणाले, त्याच्याबगर मला इथे करमायचं नाही, तेही तूच बघ. मुलगा बाजूलाच उभा, मान खाली, बुटाची नाडी हातात तशीच. म्हणजे सांगितलं देवाला आणि पोचलं नातवाला. कोणी रडलं नाही, कोणी टायरकडे बघितलं नाही.

लग्नात पाठवणीला बाप रडला की फोटोग्राफर धावत पुढे येतो. तिथे रीत आहे, म्हणून लाज नाही. हॉस्टेलच्या दारात रीतच नाही, तर बिचारा माणूस करणार काय? भाऊ, तुमचं चुकलं एवढंच की गाऱ्हाणं न घालता गाडी काढलीत.

स्पष्टवक्ता

म्हणजे देव मध्यस्थ. आमच्यासारख्या नास्तिकांनी राखणदार कुठून आणायचा?

तारवट्याचं घर

नारळ ठेवा, ऐकणारा आपोआप येतो. मी नातवाबद्दल बोलतेय.

पीजीवाली

मी पुण्यात शिकते, घर काणकोणला. इथे सगळे आईबापच बोलताहेत, म्हणून मूल-पक्ष मांडते.

न बोलणाऱ्या बाबांचा त्रास एक, बोलणाऱ्या आईचा दुसरा. माझ्या आईचा व्हिडिओ कॉल रोज साडेआठला, मी मेसच्या रांगेत ताट घेऊन उभी असताना. फोन ती असा धरते की मला फक्त घरचा पंखा दिसतो. पंख्यामागून "जेवलीस का" येतं, मग थोडा वेळ काहीच नाही, मग नाक ओढल्याचा आवाज. मी पंख्याची समजूत घालते. तोवर पोळ्या संपतात आणि भात उरतो. पहिल्या महिन्यात मीही रडायचे, पण तिच्यासमोर रडायला वावच नसायचा, कारण ती जागा आधीच भरलेली.

म्हणून काका, सांगा जरूर, पण एकदाच. एकदा नीट सांगा आणि मग आम्हाला मोकळं करा.

आणि तुमच्या लेकीने हा प्रश्न आईला विचारला, तुम्हाला नाही. यावरूनच ती कोणाची मुलगी ते कळतं.

कुळागरातला

हे शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती अजून हसतेय. मी नाही.

डिचोलीची आई

पीजीवाली, बाळा, मी पण रोज साडेआठलाच करायचे. आम्हा आयांना ही वेळ कोण देतं कोण जाणे.

फर्मागुढीची घरमालकीण

माझ्या चार खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने असतात, त्यामुळे दर वर्षी हा सोहळा मी दुसऱ्या बाजूने बघते. केरळहून, राजस्थानहून, कुठून कुठून आईबाप येतात. यंदा एका वडिलांनी खोली बघताना विचारलं, पाण्याची टाकी किती दिवसांनी धुता? सांगितलं. भाडं देताना परत तेच. सांगितलं. सामान लावून झाल्यावर पुन्हा. मग रिक्षात बसले, उतरले, गेटपर्यंत परत आले आणि चौथ्यांदा टाकी. मी म्हटलं, मुलाला काही सांगायचंय का? "नाही नाही," म्हणाले, आणि टाकीकडे बघत राहिले.

धागाकर्ते, प्रत्येक बापाची एक टाकी नाहीतर एक टायर असतोच. माझ्या मते तेच त्यांचं बोलणं. ते मराठीत किंवा कोकणीत करून सांगायची सक्ती कशाला? मुलं वीस-बावीस वर्षांची आहेत, एवढं त्यांनी ओळखायला हवं. तुमची खिडकी सुतळीने बांधलेली तिने बघितलीच असेल की.

स्पष्टवक्ता

सहमत, चक्क. आणि यांची लेक तर पुरातत्त्वच शिकतेय. बापाचं मौन सावकाश खोदून काढील, थरावर थर. (हलके घ्या.)

निवृत्त मास्तर, कुडचडे

खोदायला मिळावं म्हणून बाप गाडला जाईपर्यंत थांबायचं का?

स्पष्टवक्ता

मास्तर, निरुत्तर. आजच्यापुरता.

घरमालकीण यांना माझा एक उपप्रश्न राहिलाच: टाकी नक्की किती दिवसांनी धुता?

फर्मागुढीची घरमालकीण

महिन्याने. आता तुम्ही पाचवे.

कुळागरातला

उशिरा लिहितोय. काल रात्री फोन केला. मेसची वेळ टाळून, साडेनऊला. (पीजीवाली, आभार.)

आधी चवथीचं (गणेशचतुर्थीचं) तिकीट झालं का विचारलं. रात्रीच्या बसचं झालंय. मग माटोळीबद्दल (गणपतीवर फळं टांगतात ती) बोललो, यंदा सुपारीचे घोस चांगले आहेत, तोरिंग (पपनस) मात्र म्हापशाच्या बाजारातून आणावं लागेल. हे सगळं पाचेक मिनिटं चाललं. बायको समोर बसून मला हाताने खुणावत होती, आता बोल, आता बोल. शेवटी म्हटलं, त्या दिवशी टायरमध्ये हवा पुरेशी होती.

पलीकडून काही नाही. मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, काय? ऐकू आलं नाही.

म्हणजे परत सांगायचं आलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त जड गेलं, कारण या वेळी "हवा पुरेशी होती" वर भागेना, "तुझ्याकडे बघवत नव्हतं" असंही तोंडून निघालं. ती "बरं" म्हणाली. नुसतं बरं. मग आम्ही दोघं बराच वेळ खिडकीच्या कडीबद्दल बोललो. हॉस्टेलचा सुतार येऊन कडी बदलून गेला म्हणे. सुतळी तिने टाकलेली नाही, कपडे वाळत घालायला वापरतेय.

डिचोलीची आई

वाचून बरं वाटलं, तरी असहमतच. फोनवर सांगणं सोपं, मध्ये घाट असतो. चवथीहून परत जाताना बसपाशी काय करता ते लिहा. दुसऱ्यांदा निघताना पोरांचा पाय जास्त जड असतो, तोपर्यंत त्यांना तिथलं सगळं माहीत झालेलं असतं.