दाराच्या काचेवरचे पाण्याचे डाग आणि उभे ओरखडे कसे काढायचे?

उजळाईवाडी_हॅचबॅक
गाडी उघड्यावर उभी असते, धुणं बोअरच्या पाण्यानं. चारही दारांच्या काचांवर पांढरे गोल डाग, शाम्पूनं हलत नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूला चार-पाच बारीक उभे ओरखडे. पुढच्या काचेवर वायपरच्या वाटेनं कमानीसारखी एक रेघ, रात्री समोरून उजेड आला की डोळ्यांवर येते. टूथपेस्ट घासून झाली, फरक नाही. काच न बदलता किती निघेल?

शिरोलीकर
आधी डाग कसला ते ओळखा. काच धुऊन कोरडी करा, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर क्षाराचा थर आहे. गुळगुळीत लागूनही डाग दिसतोय, तर पाण्यानं काचच खाल्ली आहे. तिला पॉलिशच लागतं.

थर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. तो आम्लात विरघळतो, शाम्पूत नाही. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व १० ग्रॅम, १०० मिली कोमट पाण्यात. गाडी सावलीत, काच गार हवी. टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर चिकटवा, वरून प्लॅस्टिक लावा, १० मिनिटं ठेवा. मध्ये वाळू देऊ नका, वाळलं की लिंबूसत्त्वाचेच पांढरे डाग बसतात. मग मायक्रोफायबरनं चोळून भरपूर पाण्यानं धुवा. रंगावर किंवा क्रोमवर ओघळ गेला तर लगेच पाणी मारा. पांढरं व्हिनेगरही चालतं, वेळ जास्त लागतो.

दोन-तीन वेळा करूनही खरखर राहिली तर थरात सिलिका (वाळूतलं द्रव्य) आहे. ती लिंबूसत्त्वानं निघत नाही.

एक कळकळीची विनंती: डाग झटक्यात काढणारं ‘तेजाब’ कोणी सुट्ट्या बाटलीत दिलं तर घेऊ नका. त्यात फ्लोराइडचं आम्ल असू शकतं. ते काच खातं, आणि कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं. सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून जास्त धोक्याचं.

काचेचं_काम
ओरखड्यांचं सांगतो. नख आडवं फिरवा. अडकलं तर सोडून द्या. तेवढी खोली पॉलिशनं उतरवायला गेलं की तिथं खळगा होतो आणि बाहेरचं चित्र वाकडं दिसतं. नख अडकत नसेल तर सिरियम ऑक्साइड, म्हणजे काच पॉलिश करायची पावडर.

५० ग्रॅम पावडर, पाणी घालत पातळ दह्याइतकी करा. ड्रिलला ३ इंची फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) पॅड, वेग मिनिटाला १००० ते १५०० फेरे. आतल्या बाजूनं मार्करनं ओरखड्यावर खूण करा, म्हणजे काम करताना जागा हरवत नाही. रबर आणि रंग टेप लावून झाका, पावडर फटीत बसली की निघता निघत नाही. एका वेळी फूटभर जागा, पॅड सतत हलतं, सतत ओलं. दर मिनिटाला थांबून काचेला हात लावा. हात ठेववत नसेल तर गार होऊ द्या. एकाच जागी दाबून धरलं की काच तापून तडकते. पेस्ट सुकली की पॅड नुसतं घासतं आणि गरम होतं. घाई केली की काम बिघडतं. एका ओरखड्याला अर्धा तास गेला तरी नवल नाही.

टूथपेस्टमधली भुकटी काचेपेक्षा मऊ, ओरखड्याचं ती काही करत नाही. पॉलिश पेपर तर लावूच नका.

पुढच्या काचेची रेघ ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल तर मशीन नको. हातानं हलकं पॉलिश ठीक. नख अडकत असेल तर काच बदलणंच बरं.

शिरोलीकर
वरच्यात एक भर. उभे ओरखडे येतात कुठून ते बघितल्याशिवाय पॉलिश करू नका, महिन्यात परत येतील. काच खाली जाते तिथं बाहेरून जी रबराची पट्टी असते, गॅरेजवाले तिला बिडिंग म्हणतात, तिच्या मखमलीत खडे अडकतात. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यात फौंड्र्यांची वाळू उडते. त्या वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोह्सच्या मापात ७, काचेची साडेपाच ते सहा. काच वरखाली झाली की रेघ ठरलेली. पट्टी ब्रशनं साफ करा, मखमल झिजली असेल तर बदला. वायपरचंही तेच: कोरड्या धुळीवर कधी फिरवू नका, आधी पाणी मारा, ब्लेडची कड बोटानं तपासा.

उजळाईवाडी_हॅचबॅक
पिशवी लावून बघितली, खरखरीत आहे. दाराच्या ओरखड्यांत नख अडकत नाही, वायपरच्या रेघेत थोडं अडकतं. काचांना आतून फिल्म आहे, चालेल का?

काचेचं_काम
बाहेरूनच काम करायचंय, चालेल. पण फिल्मवरचा ओरखडा काचेवरचा समजू नका. बाहेरून नख फिरवून खात्री करा. मागच्या काचेच्या आतल्या तपकिरी रेघा हीटरच्या, त्यांना पॅड लावायचं नाही. वायपरच्या रेघेवर मात्र वेळ घालवू नका. काच धुताना शेवटचं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्या, चार काचांना दोन लिटर पुरतं. वॉशरच्या टाकीतही बोअरचं पाणी नको, जेटची भोकं क्षारानं बुजतात.