चुचकारणे : शब्द गोठ्यातला

'चुचकारणे' म्हणजे खोटी स्तुती करून काम काढून घेणे आणि हा शब्द 'चूक'वरून आला, असं कुणीतरी म्हटलेलं वाचलं. मला नाही पटत. हा शब्द सरळ आवाजावरून आलाय. जीभ दातांमागे दाबून हवा आत ओढली की जो 'चुच् चुच्' निघतो तो. आपल्या वर्णमालेत त्याला नेमकं अक्षरच नाही. हिंदीतलं 'पुचकारना'ही तसंच, फक्त तिथे आवाज ओठांचा.

आमच्याकडे मिरज तालुक्यात म्हैस पान्हा चोरायला, म्हणजे दूध आखडून धरायला लागली की आजी कासेवर कोमट पाणी मारायची, पाठीवर हात फिरवत चुचकारायची, मग हळूहळू सड भरायचे. रुसून बसलेल्या पोराबद्दलही तिचं तेच, 'चुचकारून घे जरा त्याला.' यात स्तुतीचा एक शब्द नसतो. त्यासाठी हरभऱ्याचं झाड आहेच की!