मदत हवी आहे: अ‍ॅनोरेक्सिया हा आजार आहे हे बाबांना कसं पटवू?

बहीण १९ वर्षांची, मानसोपचारतज्ज्ञांनी अ‍ॅनोरेक्सियाचं निदान केलंय (वजन वाढायच्या भीतीने खाणंच टाळलं जातं, तो मानसिक आजार). बाबांचं एकच पालुपद, "नाटकं आहेत, भूक लागली की खाईल." अहो ती घास बोटांनी कुस्करत अर्धा अर्धा तास बसते, डोळ्यांतून पाणी येतं तरी तो तोंडात जात नाही, याला चॉईस कसं म्हणायचं? डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत हा आजार म्हणून नोंदलाय, त्यात आनुवंशिकतेचाही भाग असतो, जिवावर बेतू शकतं, सगळं सांगून झालं, भांडूनही झालं (त्याने तीच अजून गप्प झाली). रक्ततपासणी, ईसीजी झालंय, ट्रीटमेंट चालू आहे, त्यामुळे डाएटचे सल्ले नकोत प्लीज. अडलंय ते फॅमिली सेशनपाशी, बाबा यायलाच तयार नाहीत. तुमच्या घरातलं असं न मानणारं माणूस नेमकं कशाने तयार झालं?